लोहाच्या गोळीमागचा सायक्लोट्रॉन

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, असे गरोदर बाईला प्रत्येक सरकारी दवाखान्यात सांगितले जाते. ज्याच्या रक्तात लोह कमी, त्याचे आतडे अन्नातले लोह जास्त ओढून घेते आणि ज्याचा साठा भरलेला आहे त्याचे आतडे दार बंद करते, हेही आता वैद्यकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी सांगतो. पण हे कळले कसे? प्रौढ माणसाच्या शरीरात आधीपासून तीन-चार ग्रॅम लोह असते. त्यात रोज अन्नातून एक-दोन मिलिग्रॅमची भर पडते. भरल्या विहिरीत तांब्याभर पाणी ओतावे आणि नंतर ते तांब्याभर पाणी विहिरीत कुठे गेले असे विचारावे, तसा हा प्रश्न होता. नव्या लोहावर काही खूण करता आली तरच त्याचे उत्तर मिळणार होते.

ती खूण १९३०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी एका लाकडी इमारतीत तयार झाली. लोखंडाच्या तुकड्यावर ड्यूटेरॉन नावाच्या कणांचा मारा करून त्यातले काही अणू किरणोत्सारी करायचे, आणि मग ते लोह शरीरात कुठे जाते ते गायगर काउंटरने शोधायचे. हा मारा करणारे सायक्लोट्रॉन हे यंत्र ज्याने उभे केले, त्या अर्नेस्ट ऑर्लँडो लॉरेन्सला कॉलेजात गेला तेव्हा डॉक्टर व्हायचे होते.

लॉरेन्सचा जन्म ८ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेतल्या साउथ डाकोटा राज्यातल्या कँटन या छोट्या गावात झाला. आजी-आजोबा नॉर्वेहून आलेले. वडील कार्ल शिक्षक, पुढे शाळाधिकारी. आई गुंडाही लग्नापूर्वी शिक्षिका. समोरच्या घरात मर्ल ट्यूव्ह नावाचा त्याच्याच वयाचा मुलगा राहायचा. दोघांनी मिळून बिनतारी संदेशाची यंत्रे जोडली, बिघडवली, पुन्हा जोडली. हा ट्यूव्ह पुढे लॉरेन्सच्या आयुष्यात एका अवघड वळणावर पुन्हा भेटतो. शिक्षणाच्या खर्चासाठी लॉरेन्सने शेतकऱ्यांच्या दारोदार हिंडून अॅल्युमिनियमची भांडी विकली. माल गळ्यात मारायची ही हातोटी त्याला जन्मभर उपयोगी पडली. फरक एवढाच की पुढे गिऱ्हाईक म्हणून धनिक देणगीदार आले आणि भांड्यांच्या जागी कित्येक टनांची चुंबके आली.

साउथ डाकोटा विद्यापीठात एकली नावाच्या अधिष्ठात्याने त्याला वैद्यकाकडून भौतिकशास्त्राकडे वळवले. मग मिनेसोटा, शिकागो आणि येल असा प्रवास करून १९२५ मध्ये डॉक्टरेट झाली आणि १९२८ मध्ये तो बर्कलीला आला. दोन वर्षांत तो तिथला सर्वांत तरुण पूर्ण प्राध्यापक झाला होता.

१९२९ सालच्या एका संध्याकाळी ग्रंथालयात मासिके चाळताना त्याच्या हाती रोल्फ विडेरो या नॉर्वेजियन अभियंत्याचा जर्मन भाषेतला लेख लागला. लॉरेन्सचे जर्मन बेताचेच होते. त्याने आकृत्या पाहिल्या. विडेरोने विद्युतभारित कणांना एका सरळ रेषेत एकामागून एक दोन धक्के देऊन त्यांचा वेग वाढवला होता. असे शेकडो धक्के द्यायचे तर नळी फार लांब होईल. लॉरेन्सच्या मनात आले की कणांना चुंबकाने गोल फिरवले तर तेच धक्के त्याच जागी पुन्हा पुन्हा देता येतील. झोपाळ्यावरच्या मुलाला दर वेळी नेमक्या क्षणी हलकासा झोका द्यावा, तसे. गंमत अशी की कणाचा वेग वाढला की त्याचे वर्तुळही त्याच प्रमाणात मोठे होते, म्हणून फेरीला लागणारा वेळ तोच राहतो. झोका देणाऱ्याला घड्याळ बदलावे लागत नाही.

कल्पना लॉरेन्सची, पण ती चालवून दाखवण्याचे कष्ट स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन या विद्यार्थ्याचे. पितळ, काच आणि लाखेने बनवलेले, तळहातात मावेल असे साडेचार इंच व्यासाचे यंत्र जानेवारी १९३१ मध्ये चालले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ११ इंची यंत्राने दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टची मर्यादा ओलांडली. कणांचा झोत एकवटून राहावा यासाठीचे महत्त्वाचे बदल लिव्हिंग्स्टनने केले होते. पेटंट मात्र एकट्या लॉरेन्सच्या नावावर झाले, पुढे नोबेलही. लिव्हिंग्स्टनच्या मनात ही सल राहिली, आणि ती गैरवाजवी म्हणता येणार नाही.

१९३१ मध्येच एका कंपनीकडे पडून असलेले ऐंशी टनांचे चुंबक पदरात पाडून लॉरेन्सने रेडिएशन लॅबोरेटरी सुरू केली. तिथे दिवसरात्र काम चाले. यंत्र आणखी मोठे, झोत आणखी तीव्र करायचा, हाच ध्यास. या घाईत मोजण्याकडे दुर्लक्ष होई. १९३२ मध्ये केंब्रिजमधल्या कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी कमी ताकदीच्या साधनाने लिथियमचा अणुगर्भ फोडला; बर्कलीकडे त्याआधीच पुरेशी ऊर्जा होती, पण फुटलेले तुकडे मोजायची साधने तयार नव्हती.

मग ड्यूटेरॉन आले. हॅरॉल्ड युरीने जड हायड्रोजन शोधला होता. साध्या हायड्रोजनच्या गर्भात एकटा प्रोटॉन असतो, जड हायड्रोजनच्या गर्भात प्रोटॉनला एक न्यूट्रॉन चिकटलेला असतो. हीच जोडी म्हणजे ड्यूटेरॉन. १९३३ मध्ये बर्कलीचेच रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी जड पाणी वेगळे करून लॉरेन्सला दिले. (त्या मौल्यवान पाण्यातले थोडे लुईसने एका उंदराला पाजले होते. उंदीर जगला.) लॉरेन्सने ड्यूटेरॉनचा झोत मिळेल त्या पदार्थावर सोडला, आणि विचित्र गोष्ट दिसली. पदार्थ कोणताही असो, त्यातून सारख्याच ऊर्जेचे प्रोटॉन बाहेर पडत होते. लॉरेन्सने निष्कर्ष काढला की ड्यूटेरॉनच फुटतो आहे, आणि त्यावरून न्यूट्रॉनचे वस्तुमान इतरांनी मोजले त्यापेक्षा कमी असले पाहिजे.

ऑक्टोबर १९३३ मध्ये ब्रसेल्सच्या सॉल्वे परिषदेत त्याने हे मांडले. समोर रदरफोर्ड, चॅडविक, हायझेनबर्ग, जोलिओ-क्युरी दांपत्य. तिथे त्याचे म्हणणे कुणालाच पटले नाही. परतल्यावर इतर प्रयोगशाळांनी तपासणी सुरू केली. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत ज्याला तसे प्रोटॉन दिसेनात, तो शास्त्रज्ञ होता समोरच्या घरातला मर्ल ट्यूव्ह. केंब्रिजमध्ये रदरफोर्ड, ओलिफंट आणि हार्टेक यांनी खरे कारण शोधले. मारा करता करता ड्यूटेरॉन त्या पदार्थाच्या पृष्ठभागातच रुतून बसत होते आणि मागून येणारे ड्यूटेरॉन या रुतलेल्यांवर आदळत होते. लॉरेन्स ज्याला मळ समजून पुसायला हवा होता, त्या मळात ड्यूटेरॉनच्या परस्पर संमीलनाचा शोध दडलेला होता, आणि तो दुसऱ्यांच्या नावावर गेला. लॉरेन्सने १९३४ मध्ये चूक जाहीरपणे मान्य केली. लहानपणच्या मित्राने जगासमोर चूक दाखवणे सोपे गेले नसणार. पण त्याने वाद वाढवला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एक टोला बसला. इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी कृत्रिम किरणोत्सार शोधल्याची बातमी आली. बर्कलीत तो कित्येक महिने तयार होत होता, पण सायक्लोट्रॉन आणि गायगर काउंटर एकाच बटणावर चालत. यंत्र बंद केले की मोजणारेही बंद! बातमी वाचल्यावर लगेच तारा बदलल्या, कार्बनवर ड्यूटेरॉन सोडले, यंत्र थांबवले, आणि काउंटर टिकटिकत राहिला.

यानंतर मात्र लॉरेन्सच्या प्रयोगशाळेत नीट मोजायला सुरुवात झाली, आणि आरोग्याच्या दृष्टीने खरी कथा इथून आहे. १९३५ मध्ये लॉरेन्स, मॅकमिलन आणि थॉर्नटन यांनी ड्यूटेरॉनची ऊर्जा थोडी थोडी वाढवत नेली तर किती किरणोत्सारी अणू तयार होतात याचे आलेख काढले. पद्धत साधी आहे आणि आजही तशीच वापरतात. धातूचे पातळ पत्रे एकावर एक रचायचे. झोत प्रत्येक पत्र्यात थोडी ऊर्जा गमावत आत जातो. मग एकेक पत्रा सुटा करून त्याचा किरणोत्सार मोजायचा की कोणत्या ऊर्जेला किती फळ मिळते ते कळते.

आलेख त्या वेळच्या सिद्धांताशी जुळेनात. अणुगर्भ धनभारित, ड्यूटेरॉनही धनभारित. कमी ऊर्जेला ड्यूटेरॉन आत शिरणे फार कठीण असायला हवे. प्रत्यक्षात कमी ऊर्जेलाही अपेक्षेपेक्षा जास्त अणू बदलत होते. रॉबर्ट ओपेनहायमर आणि मेल्बा फिलिप्स यांनी त्याच वर्षी कोडे सोडवले. ड्यूटेरॉनमधली जोडी सैल बांधलेली असते. गर्भाजवळ जाताना प्रोटॉन मागे ढकलला जातो, पण न्यूट्रॉनवर भार नसल्याने तो पुढे राहतो. गर्भ न्यूट्रॉन तेवढा गिळतो आणि प्रोटॉन बाहेरच्या बाहेर निघून जातो. पाहुण्यांपैकी एकाला घरात घ्यावे आणि दुसऱ्याला उंबऱ्यावरूनच निरोप द्यावा, असा हा प्रकार.

लोखंडाच्या बाबतीत नेमके हेच हवे होते. निसर्गातले लोखंड म्हणजे चार प्रकारच्या अणूंचे मिश्रण. त्यातला लोह-५८ हा दर हजारात जेमतेम तीन. त्याने एक न्यूट्रॉन गिळला की तो लोह-५९ होतो. हा किरणोत्सारी असतो आणि सुमारे ४५ दिवसांत निम्मा होतो. म्हणजे महिना-दोन महिने शरीरात त्याचा माग काढता येतो. रॉचेस्टरचे जॉर्ज व्हिपल पंडुरोगावर काम करत होते; यकृत खाऊ घालून रक्त वाढवण्याच्या संशोधनासाठी त्यांना १९३४ चे नोबेल मिळाले होते. त्यांना असे लोह हवे होते. बर्कलीत जॅक लिव्हिंगूड आणि तरुण ग्लेन सीबोर्ग यांनी ड्यूटेरॉनचा मारा केलेल्या लोखंडातून ते ओळखले. काम किचकट होते. हजारातल्या तिघांसाठी मारा करायचा आणि बाकीच्या ९९७ अणूंतून कोबाल्ट, मँगनीज असले भलतेच किरणोत्सारी धातू तयार व्हायचे. ते रसायनांनी धुऊन काढल्याशिवाय लोह पोटात देणे शक्य नव्हते.

१९३८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निबंध आला. लेखक चार: पॉल हान, विल्यम बेल, अर्नेस्ट लॉरेन्स आणि जॉर्ज व्हिपल. कुत्र्यांना हे लोह खाऊ घातले होते. निरोगी कुत्र्याच्या आतड्याने ते जवळजवळ घेतलेच नाही. पंडुरोग झालेल्या कुत्र्याने कित्येक पट जास्त घेतले, आणि काही तासांतच ते नव्या तांबड्या पेशींत दिसू लागले. एकदा आत गेलेले लोह शरीर फारसे बाहेर टाकत नाही. सारा हिशेब आत घेतानाच होतो. हानने पुढे आणखी बारीक गोष्ट पाहिली. आधी एक मात्रा दिली की काही तास आतडे दुसरी मात्रा नीट घेत नाही. यामागचे हेप्सिडिन हे यकृतातले संप्रेरक सापडायला २००० साल उजाडावे लागले. एक दिवसाआड गोळी दिली तर दर गोळीमागे जास्त लोह शोषले जाते, असे अलीकडचे अभ्यास सांगतात, त्याचे मूळ इथे आहे. (म्हणून कुणी मनाने गोळ्या निम्म्या करू नयेत, गरोदरपणात तर मुळीच नाही.)

कचरा म्हणून धुऊन काढलेल्या कोबाल्टचेही पुढे सोने झाले. लोखंडात सर्वांत जास्त असतो तो लोह-५६. त्याच्यात ड्यूटेरॉनचा प्रोटॉन राहिला आणि न्यूट्रॉन सुटला की कोबाल्ट-५७ तयार होतो. ब-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूत मध्यभागी कोबाल्टच असतो. त्यामुळे या कोबाल्टची खूण असलेले ब-१२ देऊन ते आतड्यात शोषले जाते की नाही, हे कित्येक वर्षे तपासले जात होते. पंडुरोगाची दोन मोठी कारणे, आणि दोन्हींचा माग एकाच लोखंडाच्या तुकड्यातून लागला. दुसऱ्या महायुद्धात बोस्टनच्या संशोधकांनी साठवलेल्या रक्तातल्या पेशी रुग्णाच्या शरीरात किती टिकतात हे दोन प्रकारच्या किरणोत्सारी लोहाने मोजले, आणि रक्त तीन आठवडे ठेवता येईल असे द्रावण वापरात आले. ते लोह एमआयटीच्या सायक्लोट्रॉनमध्ये बनले होते. तो सायक्लोट्रॉन बांधला होता स्टॅन्ली लिव्हिंग्स्टनने.

याच लोहाची एक काळी बाजूही सांगायला हवी. हान पुढे टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. तिथे १९४५ नंतर सुमारे ८०० गरोदर स्त्रियांना लोह-५९ मिसळलेले पेय देण्यात आले, आणि त्यात काय आहे हे त्यांना सांगितले गेले नाही. लोहाच्या शोषणाबद्दल मिळालेली माहिती उपयुक्त होती. पण विचारणे, समजावणे आणि संमती घेणे ही कामे टाळून ती मिळवली होती. हे प्रकरण अनेक वर्षांनी न्यायालयात गेले. लॉरेन्सचा त्या प्रयोगाशी संबंध नव्हता.

स्वतः लॉरेन्सच्या घरी वैद्यक आले ते धाकट्या भावाच्या रूपाने. जॉन लॉरेन्स डॉक्टर होता. १९३५ मध्ये तो येलहून बर्कलीला आला. न्यूट्रॉनचा परिणाम पाहण्यासाठी त्याने यंत्राजवळ उंदीर ठेवला. बाहेर काढला तेव्हा तो मेलेला. प्रयोगशाळेत घबराट उडाली. नंतर कळले की उंदीर किरणांनी नव्हे, डबीत हवा न मिळाल्याने गुदमरून मेला होता. पण तोवर यंत्राभोवती पाण्याच्या टाक्यांची भिंत घालण्याचे सर्वांनी मनावर घेतले होते, आणि त्या उंदराने कदाचित अनेकांचे प्राण वाचवले. ड्यूटेरॉनने बनवलेला किरणोत्सारी फॉस्फरस जॉनने रक्ताच्या कर्करोगावर आणि तांबड्या पेशी अतोनात वाढणाऱ्या पॉलिसायथेमियावर वापरला. पहिल्या आजारात त्याचा मर्यादित उपयोग झाला, दुसऱ्यात चांगला. १९३७ मध्ये आई गुंडाला ओटीपोटातला कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी काही महिन्यांची मुदत दिली. भावांनी तिला सॅन फ्रान्सिस्कोला आणले. लॉरेन्सच्याच सहकाऱ्याने, डेव्हिड स्लोनने बनवलेल्या दहा लाख व्होल्टच्या क्ष-किरण यंत्रावर उपचार झाले, आणि ती पुढे अनेक वर्षे जगली.

या यशाने उत्साह वाढला आणि न्यूट्रॉनने कर्करोग बरा करण्याचे प्रयत्न सुरू झाले. दोनशेहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. गाठी आक्रसल्या, पण काही महिन्यांनी-वर्षांनी निरोगी ऊतींची भयंकर हानी दिसू लागली, आणि उपचार करणाऱ्या रॉबर्ट स्टोननेच हा मार्ग सोडून द्यावा असे १९४८ मध्ये लिहिले. उशिरा दिसणारे दुष्परिणाम मोजायला वेळ द्यावा लागतो. घाई हा या प्रयोगशाळेचा जुनाच रोग होता.

१९३९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल लॉरेन्सला मिळाले. युद्धामुळे समारंभ फेब्रुवारी १९४० मध्ये बर्कलीतच झाला. त्याच आठवड्यात मार्टिन केमन आणि सॅम रुबेन यांनी ग्रॅफाइटवर ड्यूटेरॉन सोडून कार्बन-१४ शोधला. लॉरेन्सला ही बातमी सर्दीने अंथरुणात पडलेला असताना कळली. पुरातन वस्तूंचे वय सांगणारा हाच कार्बन आज जठरातले हेलिकोबॅक्टर जंतू श्वासातून ओळखण्यासाठी वापरतात. त्याआधी लॉरेन्सने पाठवलेल्या, ड्यूटेरॉन खाऊन जुन्या झालेल्या मोलिब्डेनमच्या पत्र्यात सेग्रे आणि पेरिए यांना इटलीत नवे मूलद्रव्य सापडले होते: टेक्नेशियम. आजच्या हाडांच्या स्कॅनमध्ये तेच असते.

भारतातून बासंतीदुलाल नागचौधुरी लॉरेन्सकडे शिकून १९४१ मध्ये कोलकात्याला परतले आणि मेघनाद साहांच्या सायक्लोट्रॉनच्या उभारणीला लागले. त्या कामाला टाटांच्या न्यासाची मदत होती. महाराष्ट्रात रुग्णांसाठीचा सायक्लोट्रॉन यायला बराच काळ लागला. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये तो २००२ मध्ये सुरू झाला. पेट स्कॅनसाठी रुग्णालयाशी जोडलेला तो देशातला पहिला.

युद्धात लॉरेन्सने आपले चुंबक युरेनियम वेगळे करण्याकडे वळवले. ओक रिजच्या प्रचंड यंत्रांना तांबे पुरेना म्हणून अमेरिकेच्या सरकारी खजिन्यातली चांदी वेटोळ्यांसाठी वापरली गेली. हिरोशिमावरच्या बॉम्बमधले युरेनियम या यंत्रांतून गेलेले होते. १९४४ मध्ये लष्कराच्या संशयावरून केमनला काढून टाकण्यात आले तेव्हा लॉरेन्स त्याच्यामागे उभा राहिला नाही. युद्धानंतर हायड्रोजन बॉम्बचा आग्रह धरणाऱ्यांत तो होता. १९५४ मध्ये जुना मित्र ओपेनहायमर याच्या चौकशीत तो ओपेनहायमरच्या विरोधात साक्ष देणार होता. आजार बळावल्याने गेला नाही.

तो आजार होता अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, वारंवार जुलाब होतात, रक्त जाते आणि रक्ताबरोबर लोहही. त्या काळी औषधे मोजकीच होती आणि लॉरेन्सला विश्रांती ठाऊक नव्हती. जुलै १९५८ मध्ये अणुचाचण्यांवर बंदी घातली तर ती पाळली जाते की नाही हे कसे ओळखायचे, यावरच्या चर्चेसाठी तो प्रकृती बरी नसतानाही जिनिव्हाला गेला. तिथे दुखणे उसळले आणि त्याला विमानाने परत आणावे लागले. पालो आल्टोच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तिच्यातून तो उठला नाही. २७ ऑगस्ट १९५८ रोजी तो गेला तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता. मागे पत्नी मॉली आणि सहा मुले होती. १०३ क्रमांकाच्या मूलद्रव्याला तीन वर्षांनी त्याचे नाव मिळाले. जॉन लॉरेन्स १९७० पर्यंत बर्कलीच्या डॉनर प्रयोगशाळेचा प्रमुख राहिला.